सुपडूचं नाव

मराठी शिकवून पोट भरलं, त्यामुळे मेलेल्या मुलांच्या कविता माझ्या हातून बऱ्याच गेल्या. जवळजवळ प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकात अशी एक असायचीच. त्यातलं मूल गोरंगोमटं, शहाणं, फुलासारखं मिटून जाणारं आणि मेल्यावर आईला वरून हाक मारणारं. जळगावच्या शाळेत मी ती कविता वाचायला लागले की पुढच्या बाकावरच्या मुली डोळे पुसायच्या, आणि इन्स्पेक्शनला आलेले साहेबसुद्धा मान खाली घालायचे. सगळे म्हणायचे, बाई, तुम्ही कविता फार छान वाचता. मला मात्र मनातून त्या कवीचा राग यायचा. वाटायचं, याने कुठलं पोर मरताना जवळून पाहिलंय का? पाहिलं असतं तर पहिली ओळ घशाच्या आवाजाची लिहिली असती. आमच्या सुपडूचा तो आवाज मी अकरा वर्षांची असताना ऐकला, आणि नंतर कुठल्याच कवितेत तो मला सापडला नाही.

आमचं गाव धुळ्याकडचं, पांझरेच्या काठावरचं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, पुढे मोठं अंगण आणि अंगणात एक वाकडा कडुलिंब. घरात आबांचा शब्द चाले. आबा म्हणजे माझे आजोबा. माझे वडील, नाना, चाळिशीला आले तरी आबांसमोर खाटेवर बसत नसत. आई, तिला आम्ही माय म्हणायचो, आबांशी थेट बोलतच नसे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही ही रीत. काही सांगायचं असलं की ती दाराआड उभी राहून डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "इंदू, आबासले सांग." आबा तीन हातांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू आलेलं. तरी मी ते पुन्हा म्हणून दाखवायचं, आणि त्यांचं उत्तर मायला पोचवायचं. माझं निम्मं बालपण या हमालीत गेलं. पुढे शिक्षिका झाले त्याची तयारी तिथेच झाली असणार.

सुपडू माझ्या पाठचा. त्याच्या आधी मायची दोन पोरं पाळण्यात गेली होती, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकला आणि मूठभर दाण्यांना तिच्याकडून परत विकत घेतला. हे पोर आपलं नाही, विकतचं आहे, असं यमाला वाटावं म्हणून. आमच्याकडे घरोघर एखादा तरी सुपडू असतो तो याच धाकापोटी. नाव असं टाकाऊ, पण लाड असे की विचारू नका. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा त्याचा, दुधावरची साय त्याची, आणि खापरावर मांडे होत असले की पहिला मांडाही त्याचा. माय उलथ्या खापरावर मांडा टाकायची तेव्हा त्याचा फस्स असा आवाज व्हायचा, आणि तो ऐकून हे महाशय गल्लीच्या टोकाला असले तरी धावत यायचे. एका हातात ज्वारीच्या धांड्याची गाडी, दुसरा हात घसरत्या चड्डीला.

गल्लीत आमचा सगळ्यांचा जीव आखाजीत. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवसांत सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि झाडाझाडाला झोके लागतात. आमच्या लिंबाला झोका बांधला की गल्लीतल्या पोरी जमत आणि गाणं म्हणत. गाणं मोठं साधं होतं. सासरी बसलेली मुलगी लांबवर उडणारी धूळ बघते आणि आपल्याला न्यायला कोण येतंय ते सांगते.

"दूर उडस धूय माय, कोन्ही उनी गाडी?
मन्हा हिरामनभाऊ उना, त्यानी उनी गाडी."

मग पुन्हा धूळ आणि पुढचा भाऊ. घरात जेवढे भाऊ, त्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने घ्यायची. आधी हिरामन, मग रतन, हे दोघे चुलतभाऊ, आणि सगळ्यांत शेवटी धाकट्याचं, म्हणजे सुपडूचं. त्याचं नाव घेतलं की गाणं संपे आणि झोका थांबवायचा. सुपडूला हे ठाऊक होतं. तो मुद्दाम गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि आपलं नाव आलं की धांड्याची गाडी ओढत, पायांनी जमेल तेवढी धूळ उडवत यायचा. अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "मुऱ्हाई उना. पानी द्या." मुऱ्हाई म्हणजे मुलीला माहेरी न्यायला आलेला माणूस, त्याचा मान मोठा. माय हातातलं काम टाकून तांब्या भरून आणायची, पदर सावरून त्या सहा वर्षांच्या पाहुण्याला पाणी द्यायची आणि विचारायची, "भाऊ, वाटमा तरास नही ना झाया?" तो घटाघटा पिऊन तोंड पुसायचा. आमची सगळ्यांत धाकटी शकू, तेव्हा चार वर्षांची, हा खेळ डोळे मोठे करून बघत असायची. तिला तो खेळ वाटतच नसे. तिच्या लेखी सुपडू खरोखर कुठून तरी लांबून यायचा.

त्याच वर्षी थंडीत सुपडूच्या घशात दुखायला लागलं. आधी काढे झाले, मग मानेला लेप. तोवर मान सुजली आणि श्वास घेताना घशातून करकर आवाज येऊ लागला. बैलगाडीवर लाकडांची मोळी बांधताना दोर कसा करकरतो, तसा. त्याला घटसर्प म्हणतात हे धुळ्याच्या दवाखान्यात कळलं. नाना त्याला कांबळ्यात गुंडाळून एसटीने घेऊन गेले, बरोबर माय, आणि मी मायला सोडत नव्हते म्हणून मीही. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं, पण उशीर झालेला होता. मला आठवतो तो त्याचा हात. तो तांब्याकडे बोट दाखवत होता. माय पाणी तोंडाला लावायची आणि ते नाकातून परत यायचं. तो पुन्हा बोट दाखवायचा. कवितेतल्या मृत्यूला पावलं फार हलकी असतात. आमच्याकडे आला तो पोराचा गळा धरून आला, आणि घोटभर पाणीसुद्धा त्याने खाली उतरू दिलं नाही. दुपारी तो आवाज थांबला. मला क्षणभर हायसं वाटलं होतं, आवाज थांबला म्हणजे बरा झाला असं समजून.

लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. नाना त्याला नदीकाठी ठेवून आले. शकूला सांगितलं, सुपडू मामाच्या गावाला गेलाय. चार वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं.

शाळेत परत गेले तेव्हा आमच्या गुरुजींनी मला जवळ बोलावलं. भले गृहस्थ होते. त्यांनी एका जुन्या मासिकातली कविता काढून दिली आणि म्हणाले, घरी आईला वाचून दाखव, बरं वाटेल. कविता कुणाची होती ते आता आठवत नाही. मेलेलं मूल चांदणी होऊन आईला सांगतं, रडू नकोस, इथे दुःख नाही, इथे सगळा प्रकाशच आहे, अशी काहीतरी. मी संध्याकाळी चुलीपुढे बसून ती मायला वाचून दाखवली. गुरुजींसारखाच गळा भरून वाचली. मायचे हात पिठात होते. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि अगदी खरंखुरं विचारल्यासारखं विचारलं, "तठे त्याले पानी कोन देस?" मी पुन्हा कागदात पाहिलं. पाण्याचं काही लिहिलेलं नव्हतं. तिने भाकरी थापायला घेतली. पुढे नोकरीत असताना वर्गात मुलींनी हजार प्रश्न विचारले, पण कवितेवर असा प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

आखाजी जवळ आली तशी माय वेगळीच दिसू लागली. आमची आखाजी म्हणजे नुसते झोके नव्हेत. त्याच दिवशी सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. मातीच्या नव्या डेरग्यात पाणी, त्यावर छोटं मडकं, वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबा. उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट उमटवायचं. ऐन उन्हाळ्यात आपलं माणूस तहानलेलं राहू नये एवढाच त्याचा अर्थ. लिंबावर झोका आणि उंबरठ्यावर घागर, एकाच अंगणात दोन्ही. माय त्या दिवसाची वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं, जेव्हा ती दाराआड येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "इंदू, आबासले सांग, सुपडूनी घागर भरनी शे. त्याले तीस लागेल व्हती. पानी उतरनंच नही."

आबा सुतळी वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "सांग तुन्या मायले, ज्यानं लगीन नही झायं, त्यानी घागर नही भरतस. ते पितरमा नही बसस."

मी वळले, पण सांगण्याची गरजच नव्हती. दाराआडून मायचा आवाज आला, आणि या वेळी तो माझ्याकडे बघून आला नव्हता. "मंग तो बसस कोठे?"

सुतळी वळणारे हात थांबले. सुनेने आपल्याशी थेट बोलणं आबांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं असावं. ते रागावतील म्हणून मी अंग चोरलं, पण ते रागावले नाहीत. सुतळी ठेवून काठी घेतली आणि बाहेर निघून गेले. आबा दुष्ट नव्हते, हे मला आज लिहून ठेवलं पाहिजे. सुपडू गेला तेव्हा त्याची धांड्याची गाडी त्यांनीच उचलून धाब्यावर ठेवली होती, कुणाच्या नजरेला पडू नये अशी. पण रीत ही रीत. घागर भरली ती पणजोबांची आणि आजीची. मायने दोन बोटं उमटवली, हात धुतले आणि चुलीकडे वळली.

दुपारी झोका बांधला. पोरी नको म्हणत होत्या, पण शकूने भोकाड पसरलं आणि आबांनीच सांगितलं, बांधा. शकू झोक्यावर बसली आणि तिने गाणं सुरू केलं. हिरामन आला, रतन आला, आणि शकू पुढे म्हणाली, "मन्हा सुपडूभाऊ उना, त्यानी उनी गाडी." तिला काय ठाऊक? तिचा भाऊ मामाच्या गावाला गेलेला, म्हणजे तिकडूनच गाडीत बसून येणार. पोरींनी झोका धरला. शकू गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली. आणि घरातून माय बाहेर आली, हातात भरलेला तांब्या. पदर सावरून ती अंगणात उभी राहिली. गल्लीत ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. बराच वेळ उभी राहून तिने तांब्यातलं पाणी लिंबाच्या मुळाशी हळूहळू ओतलं, अगदी सावकाश, कुणाच्या तरी ओंजळीत ओतावं तसं. मग शकूजवळ जाऊन म्हणाली, "आखो एकडाव म्हन, बेटा."

तिथून ते सुरू झालं. झोका काढला तरी गाणं राहिलं. दिवस कलला की माय तांब्या भरायची, शकूला लिंबाखाली बसवायची आणि शकू गाणं म्हणायची. सुपडूचं नाव आलं की पाणी मुळाशी. शेजारणी कुजबुजायच्या, नाना मान फिरवायचे, आबा त्या वेळेला शेताकडे जायचे. पण कुणी अडवलं नाही. माय जेवायला लागली होती, बोलायला लागली होती, मांडे करायला लागली होती. पितरांत जागा नव्हती, जिवंतात तर नव्हतीच. त्या पोराला दुनियेत एकच जागा उरली होती, पाच वर्षांच्या बहिणीच्या तोंडात. मोठमोठ्या कवींना पाच-पन्नास ओळींत जे जमलं नाही ते शकूला एका नावात जमलं होतं, कारण ती खरं बोलत होती. तिच्या लेखी तो खरोखर येणार होता. मी शेजारी बसून ऐकायचे आणि एकच भीती वाटायची, ही मोठी होणार. मी देवाला हात जोडून सांगायचे की शकूला लवकर मोठं करू नकोस. पुढे कवितेच्या पुस्तकांत निरागस हा शब्द आला की मला तो तांब्या घेऊन उभी राहिलेली माय दिसायची. मुलींना काय सांगणार? मी शब्दार्थ सांगून पुढे जायचे.

पौषात आबा गेले. म्हातारे होते, झोपेत गेले, सगळं रीतसर झालं. शकूने त्यांना खांद्यावरून नेताना पाहिलं. ती दिवसभर नानांच्या मागे मागे होती. नाना केस उतरवून ओट्यावर बसले होते तेव्हा तिने विचारलं, "आबा कव्हय येतीन?" नाना थकले होते. त्यांना पुढचं मागचं सुचलं नसणार. ते म्हणाले, "आते नही येतस, बेटा. सुपडू गया ना, तसाच गयात."

मी तिथेच होते. शकू रडली नाही. तिने नानांच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून लिंबाखाली जाऊन बसली. मुलांना कळतं तेव्हा आवाज होत नाही.

सुतक फिटल्यावर मायने पुन्हा तांब्या भरला. शकू बसली. धूळ उडाली, हिरामन आला. धूळ उडाली, रतन आला. शकू थांबली. माय तांब्या तिरका धरून वाट बघत होती. "एक नाव राहिनं, शकू," ती म्हणाली. शकूने खाली मान घातली आणि बोटाने माती उकरू लागली. माय पुन्हा म्हणाली, या वेळी आवाजात अजीजी होती, आपल्याच लेकीपुढे पदर पसरल्यासारखी. तेव्हा शकू म्हणाली, "तो नही येस, माय. तुले माहीत शे."

एवढंच. पाच वर्षांच्या पोरीने आईला सांगितलं. मायने तिला मारलं नाही, रागावली नाही. तांब्या तसाच भरलेला घेऊन आत गेली आणि पाणी परत माठात ओतलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी म्हणते, मी नाव घेते, तू पाणी ओत. पण मी दवाखान्यात होते, मी तो आवाज ऐकला होता. माझ्या तोंडून ते नाव खोटं ठरलं असतं, आणि हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या आखाजीला आबांची घागर भरायची होती. नव्या मेलेल्या माणसाची घागर, म्हणून थाट मोठा. डेरगं मोठं, खरबूज मोठं, सांजोऱ्या, आमरस, कुरडया, सगळं. मायने आंघोळ करून घागर भरली. मी उंबरठ्याजवळ तिच्या ओठांकडे बघत बसले होते. आता नाही म्हणणारं कुणी नव्हतं. आबांच्या नावामागे ती हळूच सुपडूचं नाव घेईल, एक बोट जास्तीचं उमटवेल, अशी मला फार आशा होती. तिने पणजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आबांचं घेतलं. बोट पुसलं आणि उठली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आमची लग्नं केली, नातवंडं खेळवली. सुपडूचं नाव तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

आता माझ्या वयाला कुणी माझी चूक काढत नाही. नाना गेले, माय गेली, हिरामन आणि रतनही मागोमाग गेले. आणि गेल्या पावसाळ्यात शकू गेली. फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला विचारणार होते की तुला ते लिंबाखालचं आठवतं का. विचारायचं राहून गेलं, आणि बरंच झालं.

यंदाच्या आखाजीला मी जळगावच्या बाजारातून नवं डेरगं आणवलं. फ्लॅटच्या दाराला उंबरठा म्हणायला संगमरवराची पट्टी आहे, तिच्यावर कुंकू टिकत नाही. सून हौसेची आहे. तिने पाणी भरलं, खरबूज ठेवलं आणि विचारलं, "आई, कोणाकोणाची नावं घ्यायची?" मी आधी सासरच्यांची घेतली, मग नानांचं घेतलं, मायचं घेतलं, दोन्ही भावांचं, शकूचं. बोटाला कुंकू उरलं होतं. इतक्या वर्षांत जे मायला करू दिलं नाही आणि नंतर तिने केलं नाही, ते करायला आज घरात मला अडवणारं कोण होतं? मी सुपडूचं नाव घेतलं आणि बोट टेकवलं. वाटलं होतं, आता तरी त्याच्या घशाखाली घोटभर पाणी उतरेल. पण बोट उचललं आणि मी त्या पट्टीवरच बसले. घागर नव्हती तोवर तो पितरांत नव्हता. तोवर तो कुठे तरी वाटेवर होता, धांड्याची गाडी घेऊन. मायने आबांच्या मागे त्याचं नाव का घेतलं नाही, ते मला त्या पट्टीवर बसल्या बसल्या कळलं.

दुपारी मी गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसले होते. आमरसाची भांडी आत घासली जात होती. कसं कोण जाणे, मी गाणं म्हणायला लागले होते. "दूर उडस धूय माय, कोन्ही उनी गाडी?" सून हात पुसत येऊन उभी राहिली. तिने हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "किती गोड आहे हो, आई. पुढची ओळ काय?"

मी खाली रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा जात होत्या.

"एवढंच आहे गाणं," मी म्हटलं.